कडेपुरतं लॅमिनेशन

यंत्रातून बाहेर आलेला कागद विजयकुमारांनी दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि पापड सगळीकडून भाजला गेला की नाही हे बघावं तसा खिडकीच्या उजेडात तिरका केला. मध्ये दोन-तीन ठिकाणी फुगे आले होते. त्यांनी ते बोटाने चाचपले, दाबले मात्र नाहीत. मग कागद डायनिंग टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

शुभ्रा दात घासत बाहेर आली ती ब्रश तोंडात ठेवूनच थबकली.

टेबलावर तिचं ब्रिटिश नागरिकत्वाचं प्रमाणपत्र होतं. कालपर्यंत तो एक साधा जाड कागद होता. आज तो एखाद्या उडुपी हॉटेलच्या मेनूकार्डासारखा चकाकत होता.

तिने बेसिनपाशी जाऊन शांतपणे चूळ भरली, तोंड पुसलं आणि परत आली.

"बाबा, हे काय केलंत?"

"टिकावं म्हणून," विजयकुमार म्हणाले. "महत्त्वाचा कागद. आणि इथली हवा दमट."

"घरात चोवीस तास एसी चालू असतो."

"एसीचीही हवाच असते ना."

तिने प्रमाणपत्र उचललं. अजून कोमट होतं.

लॅमिनेशनचं हे यंत्र घरात आलं ते विजयकुमारांच्या निवृत्तीबरोबर. अबू धाबीतल्या एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं कागदपत्रं सांभाळली. कंपनीने जाताना घड्याळ देऊ केलं, तर त्यांनी कोपऱ्यातलं जुनं यंत्र मागून घेतलं. तेव्हापासून खलिफा सिटीतल्या त्या फ्लॅटमध्ये जे जे चपटं होतं ते ते प्लास्टिकमध्ये गेलं. वायफायचा पासवर्ड, आरत्या, वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक, बिल्डिंगचे पार्किंगचे नियम. आई, म्हणजे शोभना, यंत्र सुरू झालं की स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, मी जरा वेळ आडवी पडतेय, पण तेवढ्यासाठी मला त्यात घालू नका!"

फक्त स्वतःच्या पाककृतींच्या वहीला तिने हात लावू दिला नव्हता. कुठल्या पानावर तेलाचे डाग जास्त, त्यावरून घरात काय आवडतं ते कळतं, असं तिचं म्हणणं होतं.

फेब्रुवारीत आई गेली. शुभ्रा तेव्हा येऊन तेराव्यापर्यंत राहून गेली होती. लेस्टरमधल्या एका रुग्णालयात ती फार्मासिस्ट होती आणि रजा मोजून मिळत असे. मग जूनमधल्या एका बुधवारी तिथल्या टाउन हॉलमध्ये तिचा नागरिकत्वाचा समारंभ झाला. शपथ घेताना पहिल्या ओळीत ठीक होतं. दुसऱ्या ओळीत तिला एकाएकी आठवलं, की हे सगळं ज्या बाईला फोन करून सांगायचं ती आता फोन उचलणार नाही. ती रडायला लागली ती थांबेना. समारंभाच्या अधिकारी बाई हलक्या पावलांनी जवळ आल्या, कागदी रुमाल दिला आणि म्हणाल्या की इंग्लंडवर एवढं प्रेम असणारी माणसं हल्ली फार थोडी उरली आहेत. शुभ्राने मान हलवली. एवढं स्पष्टीकरण देण्याइतकं तिचं इंग्लंडवर प्रेम नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबा म्हणाले, मी मजेत आहे, जेवलो, आमटी-भात केला होता. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर कॅलेंडर दिसत होतं. फेब्रुवारीचं पान. गॅसच्या शेगडीवर, जिथे आमटी झाली होती म्हणे, वर्तमानपत्रांची चळत होती.

शुक्रवारी ती विमानात होती.

घोटाळा झाला तो इथे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारताचं संपतं. ब्रिटिश पासपोर्ट मात्र आपोआप येत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणजे बुधवारी दुपारी साडेतीनला शुभ्राचा भारतीय पासपोर्ट कायद्याने संपला होता आणि ब्रिटिश अजून जन्मायचा होता. उन्हाळ्यासाठी बाबांनी आधीच काढून ठेवलेला नव्वद दिवसांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर होता. ती त्यावर आली. विमानतळावर ती खोटं बोलली नाही. तिला कुणी काही विचारलंच नाही. पण आयुष्यात कधी वन-वेत सायकलसुद्धा न घातलेल्या शुभ्राच्या तळहातांना शिक्का पडेपर्यंत घाम फुटला होता.

पार्किंगमध्ये तिने बाबांना सांगितलं.

"म्हणजे आत्ता तू कोण आहेस?" विजयकुमारांनी विचारलं.

"ब्रिटिश."

"आणि आलीस कशावर?"

"जुन्या भारतीय पासपोर्टवर."

विजयकुमारांनी गाडी सुरू केली, मग बंद केली. "एकतीस वर्षांत मी कंपनीत असा एक माणूस आत येऊ दिला नाही," ते म्हणाले. "एक नाही." मग खाली उतरून त्यांनी डिकी उघडली आणि तिची बॅग नीट बसली आहे का ते पुन्हा पाहिलं.

आता तिला इंग्लंडला परत जायचं तर ब्रिटिश पासपोर्ट हवा. तो इथूनच मागवायचा, आणि त्यासाठी मूळ प्रमाणपत्र कुरिअरने पाठवायचं. त्याशिवाय लेस्टर नाही, की आत्याला भेटायला पुण्याला जाणंही नाही. एक कागद होता. आणि त्याचं मेनूकार्ड झालं होतं.

तिने लॅपटॉप उघडून नियम वाचले. ते स्पष्ट होते. लॅमिनेट केलेली कागदपत्रं स्वीकारली जाणार नाहीत. नवीन प्रमाणपत्र मागवायचं तर त्याचा अर्ज वेगळा आणि त्याची वाट वेगळी. त्याच पानावर खाली आणखी एक ओळ होती, ती शुभ्राने दोनदा वाचली. मग खोलीत जाऊन दार लावून तिने रुग्णालयातल्या आपल्या वरिष्ठांना एक लांब ईमेल लिहिली. बाबांना त्या ओळीबद्दल ती काही बोलली नाही. आधीच ते सकाळपासून एकच कप तीनदा विसळत होते.

दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या उर्मिलाकाकू कोथिंबीरवड्या घेऊन आल्या. त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं आणि सोफ्यावर बसल्या.

"खलास!" त्या म्हणाल्या. "विजयभाऊ, अहो पोरीला इंग्लंडच्या राजाने कागद दिला, आणि तुम्ही त्याला रेनकोट घातलात?"

विजयकुमारांनी वडी तोंडात टाकली. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

"फ्रीजरमध्ये ठेव," काकूंनी शुभ्राला सांगितलं. "गारठलं की प्लास्टिक सुटतं. नाहीतर वरून सुती कापड टाकून इस्त्री."

"नको काकू. शाई उडाली तर?"

"मग खोबरेल तेल. माझ्या जाऊबाईंनी—"

"मम्मा, स्टॉप," काकूंची अस्मी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली. "जस्ट रिक्वेस्ट अनदर वन, ना."

"रिक्वेस्ट म्हणे. पिझ्झा आहे तो?" काकू शुभ्राकडे वळल्या. "ऐक. बर दुबईत मीना बझारच्या मागे सरकारी अर्ज भरून देणारं एक टायपिंग सेंटर आहे. अर्सलान म्हणून. तो लॅमिनेशन उघडून देतो. आमच्या ह्यांची डिग्री त्यानेच सोडवली, नाहीतर अटेस्टेशन अडलं होतं. पन्नास दिरहम घेतले. म्हणजे बाराशे रुपये. बाराशे! पण काम चोख. विजयभाऊंना माहीत असेल की."

"असेल कुणीतरी," विजयकुमार म्हणाले आणि आणखी एक वडी घेतली.

दुसऱ्या दिवशी ते दोघं निघाले. विजयकुमार हायवेच्या सर्वांत उजव्या, म्हणजे इथल्या सर्वांत संथ लेनमधून, ट्रकांच्या सोबतीने गाडी चालवत होते. पेट्रोल अर्धं होतं तरी भरायला थांबले. मग कडक चहाला थांबले. मग टायरमधली हवा. बर दुबईत पोचेपर्यंत साडेअकरा वाजले होते आणि जुलैचं ऊन गाडीच्या टपावर बसून त्यांची वाट बघत होतं.

"आलोच आहोत तर देवळाच्या गल्लीतून जाऊ," विजयकुमार म्हणाले.

गल्लीतून गेले. हारांचे, उदबत्त्यांचे, नारळांचे छोटे गाळे. मग कापडाच्या दुकानापाशी ते थांबले. शोभनाचे ब्लाउजपीस इथूनच यायचे, ते म्हणाले, आणि दुकानदाराने विचारलं म्हणून उगाच अस्तराचा भाव ऐकून घेतला. मग एका कोपऱ्यावर डावीकडे वळले. मग पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा डावीकडे वळल्यावर ते पुन्हा त्याच कापडाच्या दुकानासमोर आले.

"बाबा, तुम्हाला रस्ता माहीत आहे ना?"

"फार बदललंय सगळं."

शुभ्राने कपाळावरचा घाम ओढणीने टिपला. प्रमाणपत्राची फाइल तिने छातीशी धरली होती. मागच्या पाच मिनिटांत मनात आलेली चार वाक्यं तिने एकेक करून गिळली. आईला ती सहज बोलता आली असती आणि बाबांना ती लागलीही नसती. ते कसब आई वहीत लिहून ठेवायला विसरली होती.

त्याच वेळी मोबाइल वाजला. वरिष्ठांचं उत्तर आलं होतं. तिने ते उन्हात डोळे बारीक करून वाचलं, श्वास सोडला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

शेवटी तिने एका नारळवाल्याला विचारलं. टायपिंग सेंटर जवळच होतं. त्यांच्यामागे बारा पावलांवर.

काचेचं दार ढकललं तशी घंटी वाजली. काउंटरमागे पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस दोन बोटांनी टाइप करत होता. त्याने वर पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून उठलाच.

"अरे, विजय साब! या अल्लाह! कितने साल बाद!" त्याने काउंटरवरून वाकून विजयकुमारांचे दोन्ही हात पकडले. "मैं समझा, आप इंडिया वापस चले गए. आज किस की डिग्री फँसी है?"

विजयकुमार काहीतरी पुटपुटले.

"बेटी है? माशाल्ला!" अर्सलान शुभ्राकडे वळला. "बेटा, मेरा आधा धंदा आपके वालिद साब ने बंद कराया है. वो देखो."

त्याने भिंतीकडे बोट केलं. प्रिंटरच्या वर, घड्याळाच्या शेजारी, एक सूचना चिकटवली होती. इंग्रजी, हिंदी, मल्याळम आणि सगळ्यांत खाली मराठी. मराठी मजकूर असा होता: 'मूळ कागद कधीही लॅमिनेट करू नये. केल्यास कोणतेही ऑफिस तो घेत नाही. झेरॉक्स करावी व तीच लॅमिनेट करावी.' अक्षर शुभ्राच्या ओळखीचं होतं. शाळेच्या वह्यांना कव्हर घातल्यावर याच अक्षरात तिचं नाव लिहिलं जायचं.

सूचना स्वतः व्यवस्थित लॅमिनेट केलेली होती. एकही फुगा नाही.

"दो हज़ार नौ में लगाया साब ने," अर्सलान सांगत होता. "कंपनी में नया लड़का आता था, माँ-बाप ने प्यार से डिग्री लॅमिनेट करा के दी होती थी. साब यहाँ ले के आते थे, और रास्ते भर डाँटते थे. पूरी गली सुनती थी!"

शुभ्राला बारा वर्षांची असतानाचं जेवणाचं टेबल आठवलं. बाबा बूट काढता काढता म्हणायचे, आज आणखी एक गाढव डिग्रीला प्लास्टिक लावून आलं. आई म्हणायची, गाढवाला जेवू घातलंत का? आणि तिच्या डोळ्यांसमोरून घरातल्या भिंती, फ्रीजचं दार, कपाटं एकामागून एक सरकली. घरात जे जे लॅमिनेट केलेलं होतं ती सगळी झेरॉक्स होती. मूळ कागद बेडरूमच्या कपाटात, खाकी पाकिटांत, नावं घालून ठेवलेले असायचे. वायफायचा पासवर्डसुद्धा.

तिने बाबांकडे पाहिलं. विजयकुमार झेरॉक्सच्या यंत्राचा मॉडेल नंबर वाचत होते. नंबर फार मोठा नसावा, पण ते पुन्हा पुन्हा वाचत होते. मानेवर, कॉलरच्या वर, केस वाढले होते. ते आई कापायची.

अर्सलानने फाइल उघडली. प्रमाणपत्र बाहेर काढलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"लाहौल विला. इतना बड़ा काग़ज़! ये किस बेवक़ूफ़ ने किया?"

झेरॉक्स यंत्राजवळची पाठ ताठ झाली.

"मैंने," शुभ्रा म्हणाली. "मुझसे हो गया."

अर्सलानने खेदाने मान हलवली. "बेटा, पढ़ी-लिखी लगती हो. घर में इतना बड़ा उस्ताद बैठा है. पहले अब्बा से पूछ तो लेतीं."

"हाँ," ती म्हणाली. "ग़लती हो गई."

"नसीब अच्छा है आपका, साब ने इस बात पे डाँटा नहीं." मग तो प्रमाणपत्र दिव्याखाली घेऊन गेला. नखाने कड तपासली, मधल्या एका फुग्यावर हलकेच टिचकी मारली, आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने पुन्हा एकदा बघितलं. "पर एक बात बोलूँ? किया बड़ी होशियारी से है. मशीन पूरी गरम ही नहीं होने दी. सिर्फ़ किनारे पे चिपका है. अंदर काग़ज़ बिल्कुल आज़ाद है." त्याने ड्रॉवरमधून पातळ पातं काढलं. "ऐसे कोई अनाड़ी नहीं करता. इसको तो खुलना ही था."



अर्सलानने पातं कडेला लावलं. तेव्हा विजयकुमार वळले आणि काउंटरपाशी आले. त्यांनी चष्मा नाकावर चढवला.

"कोने से मत शुरू करो," ते म्हणाले. आवाज ऑफिसातला होता, शुभ्राने बऱ्याच महिन्यांत न ऐकलेला. "उधर सील का निशान है. नीचे से लो. और आराम से. उसको वापस जाना है."

"यल्ला, साब बोलेंगे वैसे."

पाच मिनिटांत काम झालं. साप कात टाकतो तसं प्लास्टिक सुटलं आणि आतून कागद जसाच्या तसा निघाला. अर्सलानने पैसे घेतले नाहीत. निरोप घेताना मात्र त्याने शुभ्राला बजावून सांगितलं की आता घरी जाऊन या कागदाला हात लावायचा नाही, जे करायचं ते अब्बांना करू द्यायचं.

कुरिअरचं ऑफिस खाडीपलीकडे, देऱ्यात होतं. पूल लांब पडतो म्हणून ते अब्रात, खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीत बसले. लाकडी फळीवर, दोन केरळी नर्सेस आणि भाजीच्या खोक्यांसह एक बांगलादेशी माणूस यांच्यामध्ये. शोभनाला अब्रा आवडायची. एका दिरहमात समुद्र, म्हणायची. इंजिन फटफटायला लागलं आणि गरम का होईना, वारा लागला.

फाइल शुभ्राच्या मांडीवर होती. थोड्या वेळाने विजयकुमारांनी हात पुढे करून ती आपल्याकडे घेतली आणि पाणी उडेल म्हणून शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवली.

"किती दिवस लागतील म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "तीन आठवडे ना? फोनवर सांगत होतीस कुणाला तरी."

"ते इंग्लंडमधून अर्ज केला तर."

"आणि इथून?"

"पहिलाच पासपोर्ट आहे. देशाबाहेरून. दहा आठवडे तरी म्हणतात. जास्तही लागू शकतात."

विजयकुमारांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आणि नोकरी?"

"कळवलं आहे. बिनपगारी रजा दिलीय सप्टेंबर अखेरपर्यंत. मघाशीच उत्तर आलं."

"दहा आठवडे," ते म्हणाले. त्यांच्या ओठांची हालचाल झाली. एकतीस वर्षं व्हिसाच्या तारखा मोजलेल्या माणसाला हिशोबाला बोटं लागत नाहीत. "म्हणजे गणपती होतात."

"होतात."

"यंदा आपल्याकडे बसवता येणार नाहीत. वर्ष व्हायचंय."

"बसवायचे नाहीत. मोदक खायला कुणाची ना आहे? आईची वही आहे ना. ते पान तर लांबूनही सापडेल. नुसतं तूप आहे त्यावर."

अब्रा दुसऱ्या काठाला लागायला आली. नावाड्याने इंजिन मंद केलं. विजयकुमार शर्टावरून फाइल धरून उठले, तोल सावरण्यासाठी त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा घुश्शातच म्हणाले,

"हे आधी सांगायचंस ना मग."

"सांगितलं असतं तर?"

नाव धक्क्याला आपटली. भाजीवाला खोकी उतरवू लागला, नर्सेस ओढण्या सावरत पुढे झाल्या. विजयकुमारांनी आधी एक पाय धक्क्यावर ठेवला, मग दुसरा, आणि मागे वळून तिला हात दिला.

"तर काही नाही," ते म्हणाले. "तांदळाची पिठी आणून ठेवली असती."